तीन ठिपके पश्चिमेला

पाचवा वर गेला त्या दिवशी हवामान केंद्राच्या मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किनाराबाईंनी वाजवल्या नाहीत. त्या मागच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभ्या होत्या. पडद्यावर आगीचा लोळ वर वर जात होता आणि बाई मनातल्या मनात त्याला जे काही म्हणत होत्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाचवा म्हणजे देशाच्या हवामान उपग्रहांतला पाचवा. या घराण्यात कोणाला लाडाचं नाव नव्हतं. पहिला, दुसरा, तिसरा असं रांगेत मोजायचं. सगळ्यांची नोकरी मात्र एकच. विषुववृत्ताच्या वर छत्तीस हजार किलोमीटरवर जाऊन बसायचं, पृथ्वीच्या चालीनेच फिरायचं, म्हणजे खालून बघणाऱ्याला वाटतं की गडी जागचा हलतच नाही. आणि दर अर्ध्या तासाला खालचा फोटो पाठवायचा. हलत नाही हे आपलं पुस्तकात. प्रत्यक्षात तो थोडासा डुलतो, मान वाकडी करतो, उन्हाने तापतो. त्यामुळे प्रत्येक फोटो जरा इकडे नाहीतर जरा तिकडे सरकून येतो. फोटोवर पांढऱ्या रेषेने देशाचा किनारा, बेटं, तळी काढलेली असतात. ती रेषा खऱ्या किनाऱ्यावर बसली नाही, तर ढग कोणाच्या डोक्यावर आहे ते कळणार कसं? मग कोणीतरी ती रेषा हाताने सरकवून नीट बसवायची. इतके ठिपके डावीकडे, इतके वर. एक ठिपका म्हणजे खाली जमिनीवर साधारण एक किलोमीटर.

हे कोणीतरी म्हणजे किनाराबाई. नाव त्यांना वेगळं होतं, पण ते पगारपत्रकाशिवाय कुठे वापरलं जात नसे. तोंडावर सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. दुसऱ्या उपग्रहापासून त्या या टेबलावर होत्या. तेव्हा संगणक नव्हता. फोटो कागदावर यायचा आणि त्याच्यावर काळ्या शाईने किनारा काढलेला पारदर्शक कागद ठेवून बाई तो सरकवायच्या. त्या कागदावरची प्रत्येक रेषा बाईंच्या हातची. पुढे संगणक आला तेव्हा हीच रेषा त्यात भरली. म्हणजे देशभर बातम्यांत जो किनारा दिसायचा, तो बाईंच्या हाताचा होता. याचा त्यांना गर्व होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नसे.

स्वभाव? तिखट म्हटलं तर कमी होईल. कोणी टेबलाला हात लावला तर त्या नुसत्या बघायच्या आणि समोरचा हात खिशात घालायचा. सगळ्यांत जास्त बोलणी बंदरावरच्या माणसाने खाल्ली. तो बंदराचा जुना नाखवा, धुक्याच्या सकाळी बोटी सोडायच्या की थांबवायच्या हे ठरवणारा. वर्षातून पाच-सहा वेळा त्याचा फोन यायचा.

“बाई, तुमच्या चित्रात बंदराचं तोंड मोकळं आहे. धुकं म्हणे आत जमिनीवर. इथे मला माझा हात दिसत नाहीये.”

“मग हात कशाला बघताय? बोटी बघा.”

“दर वेळी असंच होतं. तुमचं धुकं तीन किलोमीटर आत सरकलेलं असतं.”

“तुमचं बंदर सरकलं असेल,” असं म्हणून बाई फोन आपटायच्या. नाखवा बिचारा त्या दिवसापुरता स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा आणि बोटी थांबवायचा. त्यामुळे कधी कोणाचं काही बिघडलं नाही, हे नशीब.

तर पाचवा आला. हा शहाणा निघाला. खालचा किनारा बघायची त्याला गरजच नव्हती. तो ताऱ्यांवर नजर ठेवून आपण कुठे बघतोय ते स्वतःच ठरवायचा आणि रेषाही स्वतःच बसवायचा. “तारे बघून जमीन सापडते म्हणे,” बाई जेवणाच्या सुट्टीत म्हणाल्या, “घरी जाताना मीही आकाशाकडे बघत जाते, बघू दार सापडतं का.”

त्यांच्यावर नवीन साहेब आले होते. त्यांना प्रत्येक गोष्ट शुक्रवारपर्यंत हवी असायची, म्हणून बाईंनी त्यांचं नाव शुक्रवार ठेवलं आणि ते आठवड्याच्या आत शिपायापर्यंत पोचलं. शुक्रवारांना बाई डोळ्यासमोर नको होत्या. एवढ्या मोठ्या नव्या यंत्रासमोर चष्मा नाकावर ओढून बाण दाबत बसलेली बाई बघितली की त्यांना शरम वाटायची, आणि ते तसं बोलूनही दाखवायचे.

“तीन महिने दोन्ही चालवायचं,” त्यांनी सांगितलं. “यंत्रही रेषा बसवेल आणि तुम्हीही बसवा. रोजचा फरक लिहायचा. फरक नसेल तर तुमचं टेबल बंद. तळघरात जुन्या फोटोंचे गठ्ठे आहेत, ते लावायला माणूस हवाच आहे.”

“आणि फरक असेल तर?”

“नसेल.”

“असेल तर?” बाईंनी पुन्हा विचारलं. त्यांना उत्तर मिळेपर्यंत विचारायची सवय होती.

“यंत्र चुकतंय असं ठरलं तर टेबल राहील,” शुक्रवार म्हणाले, आणि दार जरा जोरातच लावून गेले.

तळघर म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. ओल, एक बल्ब, आणि निवृत्तीपर्यंत कोणी विचारणार नाही. बाईंची चार वर्षं उरली होती. त्यांनी चष्मा पुसला आणि डोळ्यांत तेल घालून कामाला लागल्या. पाचव्याला तोंडघशी पाडायचं, एवढं एकच त्यांच्या मनात होतं.

पहिला महिना हात चोळत गेला. भूशिराचं टोक आणि मोठं बेट, या दोन खुणा स्वच्छ दिसायच्या. बाई रेषा बसवायच्या, यंत्र रेषा बसवायचं, आणि फरकाच्या रकान्यात शून्य. दुसऱ्या महिन्यात किनाऱ्यावर धुकं यायला लागलं. टोक झाकलं, बेट झाकलं. अशा सकाळी बाईंची तिसरी खूण असायची, आतलं मोठं तळं. पूर्वेचा काठ दलदलीचा, पुसट. पण पश्चिमेला एक अणकुचीदार टोक पाण्यात शिरलेलं, ते काळ्या पाण्यावर लख्ख दिसायचं. बाईंनी रेषेतलं टोक त्या टोकावर बसवलं आणि यंत्राचा आकडा बघितला. तीन ठिपक्यांचा फरक! त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शिपायाला आपणहून चहा पाजला. शिपाई दिवसभर घाबरून होता.

पुढच्या धुक्यालाही फरक पडला. त्याच्या पुढच्या धुक्यालाही.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी शुक्रवारांनी त्यांना खोलीत बोलावलं. टेबलावर एक मोठा कागद पसरला होता. नव्वद सकाळींचे नव्वद ठिपके. बहुतेक सगळे शून्याच्या रेषेवर चिकटलेले, आणि अकरा वर उडालेले.

“वरच्या ऑफिसला हे काय आहे ते कळलेलं नाही,” शुक्रवार म्हणाले. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. “मलाही नाही. किनारा झाकला की यंत्र बिथरतं असं दिसतंय. ताऱ्यांवर चालणारं यंत्र धुक्याने का बिथरावं ते देव जाणे. पण शुक्रवारी अहवाल जायला हवा, मला आणखी तीन महिने नकोत. मी लिहितो, धुक्याच्या दिवसांत हाताची जुळवणी चालू ठेवावी. तुम्ही सही करा. जिंकलात, घ्या.”

हे शेवटचं वाक्य ते असं बोलले की जणू तोंडात खडा आला होता. बाईंनी या क्षणाची तीन महिने वाट पाहिली होती. काहीतरी झोंबणारं बोलायचंही ठरवून ठेवलं होतं. पण त्या कागदाकडे बघत राहिल्या.

अकरा ठिपके. अकराच्या अकरा एकाच उंचीवर. प्रत्येक वेळी तीन, प्रत्येक वेळी पश्चिमेला. बिथरलेलं यंत्र आज दोन चुकतं, उद्या पाच, परवा उलटीकडे. बरोब्बर तीन चुकणारं यंत्र बिथरलेलं नसतं.

“उद्या करते सही,” त्या म्हणाल्या.

“आत्ता काय झालं?”

“पेन घरी राहिलं,” बाई म्हणाल्या. त्यांच्या खिशाला तीन पेनं लटकत होती. शुक्रवारांनी ती बघितली आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

आता तळ्याचं सांगायला हवं. बाईंचं माहेर त्या तळ्याच्या पश्चिम काठावरचं. गाव सपाटीवर, मागे शाळा, शाळेमागे टेकडी. एकोणीस वर्षांपूर्वी तळ्यावरच्या धरणाची भिंत वाढवायची ठरली, म्हणजे गाव पाण्याखाली जाणार. खालच्या शहराला पाणी पुरत नव्हतं. गावाची संमती हवी होती आणि गाव दादाच्या तोंडाकडे बघत होतं. दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. दादाने पहिली सही केली, मग बाकीच्यांनी केल्या. बाईंना हे शेजारच्या बाईच्या पत्रातून कळलं. त्या तशाच उठून गेल्या आणि अंगणात उभं राहून भावाला विचारलं, “मला विचारावंसं वाटलं नाही?”

“तू सासरी गेलीस,” दादा म्हणाला. “तुझा आता या घराशी काय संबंध?”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आईबापाचं घर तू बुडवलंस, माझ्यापुरता तू मेलास, असं सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगून त्या परत आल्या. एकोणीस वर्षं तिकडे फिरकल्या नाहीत.

आणि त्याच आठवड्यात शाईची रेषा संगणकात भरायचं काम निघालं होतं. प्रत्येक खुणेसाठी एक फॉर्म. जागेवर काही बदल झाला आहे किंवा होणार आहे का? तळ्याच्या फॉर्मवर बाईंनी रागारागाने लिहिलं, ‘बदल नाही’, आणि खाली सही ठोकली. भावाने एक सही करून गाव बुडवलं तर मी एक सही करून वर ठेवीन, असं काहीतरी त्या वेळी डोक्यात होतं. थोडे दिवस राहू दे, मग दुरुस्त करू. मग चौथा उपग्रह आला, मग राहिलं, मग राहिलंच.

पण विसरल्या म्हणावं, तर तेही खरं नाही. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला त्या एक नियम शिकवायच्या: किनारा दिसत असला तर तळ्याकडे बघायचं नाही. सगळ्यांना वाटायचं, काहीतरी शास्त्र असेल. शास्त्र कसलं! स्वच्छ दिवशी रेषा बरोबर बसली की तळ्याची जुनी रेषा तीन ठिपके पाण्यात दिसायची. त्या तीन ठिपक्यांत शाळा होती, आळी होती, घर होतं. बाईंनी एकोणीस वर्षं तिकडे कानाडोळा केला होता, आणि धुक्याच्या सकाळी सगळा देश तीन किलोमीटर पश्चिमेला ओढून नेऊन जुना काठ नव्या काठावर बसवला होता.

घरी येऊन त्या चप्पल न काढताच खुर्चीत बसल्या. त्यांचा नवरा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, तो न विचारता समजणाऱ्यांतला होता, पण विचारायचाही.

“शुक्रवार काही बोलला?”

“टेबल राहतंय म्हणाला.”

“मग हे तोंड?”

बाईंनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला, जणू चूक नवऱ्याचीच. तो ऐकत राहिला.

“गप्प बसलीस तर कोणाला कळेल?”

“कोणालाही नाही.”

“मग?”

“नाखव्याला मी एकोणीस वर्षं मूर्खात काढलंय,” बाई म्हणाल्या. “तो बरोबर होता. माणसाला स्वतःचा हात दिसत नव्हता आणि मी त्याला बंदर सरकलं म्हणून सांगत होते.” आणि त्यांना खरंच लाज वाटली. अशी लाज त्यांना फार वर्षांत वाटली नव्हती. सवय नसल्यामुळे त्यांनी ती नवऱ्यावर काढली. “असा बघतोस काय? नवीन काठ कुठे आहे ते मला नेमकं हवंय. फोटोत नुसतं काळं दिसतं. जागेवरचं कोणीतरी विचारायला हवं.”

नवऱ्याने मुकाट्याने पाकिटातून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर दादाचा नंबर होता. तो पाकिटात काय करत होता हे विचारायची ती वेळ नव्हती.

फोन लगेच उचलला गेला. “कोण?”

“मी.”

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. मग, “एकोणीस वर्षांनी. कोण मेलं?”

“कोणी मेलं नाही. कामाचं विचारायचंय. पाणी कुठपर्यंत आलंय?”

“तू वरून दर अर्ध्या तासाला फोटो बघतेस म्हणे. तुला दिसत नाही?”

“सांगायचं असेल तर सांग. नसेल तर ठेव.”

“शाळेमागची टेकडी आठवते?” दादाचा आवाज अजून तसाच होता, समोरच्याला लहान करणारा. “तू पडलीस आणि मार मी खाल्ला, ती. तिचं नाक आता पाण्यात शिरलंय. तेच आता काठाचं टोक. उत्तरेला वीटभट्टीपर्यंत पाणी, दक्षिणेला जुन्या रस्त्याच्या वळणापर्यंत.”

“उन्हाळ्यात खाली जातं?”

“नाही. एकदाच गेलं, सहा वर्षांपूर्वी. आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीचं डोकं चार दिवस वर आलं होतं. फोन केला होता मी तेव्हा. तुझ्या नवऱ्याला.”

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीचा पडदा नीट करत होता.

“आणखी काही?” दादाने विचारलं.

“मला विचारायला हवं होतंस.”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“हो. म्हणाले असते.”

“मग पाणी लोकांनी कुठून प्यायचं?”

माफी बाईंना मागायचीही नव्हती, द्यायचीही नव्हती. “ठेव आता,” त्या म्हणाल्या. “तूच ठेव,” दादा म्हणाला. शेवटी त्यानेच ठेवला.

“सांगणार होतो,” नवरा म्हणाला. “पण तू त्या दिवशी चिडलेली होतीस.”

“मी कधी चिडलेली नसते?”

“तेच तर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर धुकं होतं. बाई सगळ्यांच्या आधी पोचल्या होत्या. पडद्यावर तळ्याची रेषा मोठी करून त्यांनी पश्चिम काठाचे ठिपके एकेक उचलून मागे न्यायला सुरुवात केली. एका ठिपक्यात अख्खी आळी मावते, घरं वेगळी दिसत नाहीत. पण कुठल्या ठिपक्यात काय आहे ते त्यांना न बघता माहीत होतं. आधी काठावरचा रस्ता पाण्यात गेला. मग आळी. मग घर, ज्याच्या अंगणात उभं राहून त्या ओरडल्या होत्या. मग शाळा. टेकडीच्या नाकापाशी त्या थांबल्या, टोक नीट अणकुचीदार काढलं, उत्तरेला वीटभट्टी, दक्षिणेला वळण. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी चष्मा पुसायच्या निमित्ताने पुसलं.

मग नव्या रेषेने त्या सकाळचा फोटो बसवला. यंत्राचा आकडा बघितला. फरक शून्य.

शुक्रवार अहवाल घेऊन आले तेव्हा बाईंनी त्यांच्या हातात दुसराच कागद ठेवला. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला.

“म्हणजे यंत्र बरोबर होतं.”

“हो.”

“म्हणजे तुमचं टेबल जाणार. कळतंय ना?”

“मला वाचता येतं.”

“आणि मी वरच्या ऑफिसला काय तोंड दाखवू? काल मी त्यांना फोनवर उलटं सांगून बसलोय!” शुक्रवार कागदावर बोट आपटत होते. “वर ही तारीखही चुकवलीत. ‘बदल कधीपासून’ म्हणजे आजची तारीख घालायची. तुम्ही एकोणीस वर्षांपूर्वीची घातलीत.”

“चुकवलेली नाही.” बाईंनी खणातून जुना पिवळा फॉर्म काढून त्याच्या शेजारी ठेवला. ‘बदल नाही’, आणि खाली तीच सही. शुक्रवारांनी एकदा या सहीकडे बघितलं, एकदा त्या. मग त्यांनी दोन्ही कागद उजेडाकडे धरले.

तेवढ्यात फोन वाजला. बंदरावरचा नाखवा होता.

“बाई, आज चित्रात धुकं बरोब्बर आमच्या तोंडावर दाखवलंय. बोटी थांबवल्या मी. पण हे झालं कसं? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बरोबर आलं.”

बाई नेहमीसारखं काहीतरी बोलणार म्हणून शुक्रवारही थांबून ऐकत होते.

“आमचं घर पाण्याखाली गेलं,” बाई म्हणाल्या, आणि फोन न आपटता खाली ठेवला.